परदेशात वाढलेली मुलं मोठेपणी एका जागी टिकतात की पायाला भिंगरी राहते?

निळीशाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

आमची मुलगी १३ वर्षांची आहे. जन्म एका देशात, तीन ते आठ दुसऱ्या देशात, गेली पाच वर्षं तिसऱ्या. नवऱ्याची नोकरी बदलीची आहे आणि आता चौथ्या देशाची बदली आलीये, डिसेंबरात निघायचं. आधीच्या दोन्ही वेळी ती लहान होती, तिला कोणी विचारलं नव्हतं, विचारायचं असतं हे आम्हाला सुचलंही नाही. या वेळी सांगितलं तर रडली नाही, भांडली नाही, "ओके" म्हणून खोलीत गेली. थोड्या वेळाने डोकावले तर कपाटातल्या सामानाचे दोन ढीग करत बसली होती, न्यायचं आणि टाकायचं. मैत्रिणीने वाढदिवसाला दिलेलं चिकणमातीचं मांजर टाकायच्या ढिगात होतं. मी विचारलं हे का गं, तर म्हणाली प्रवासात फुटेलच ना, मग आत्ताच टाकलेलं बरं.

तेव्हापासून मला नीट झोप नाही. या मुलीला पुढे कुठे रुजता येईल का? की विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तशी ही आयुष्यभर दर चार वर्षांनी उठून निघणार? इथे लहानपणी असे देश बदललेले आणि आता तिशी-चाळिशीत असलेले कोणी असतील तर प्लीज लिहा, तुमचं पुढे काय झालं. खरं काय ते लिहा, मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

पाऊलवाट

तुमच्या मुलीचे ते दोन ढीग वाचून अंगावर काटा आला, कारण मी अगदी तेच करायचे.

मी ३८. बाबांचं पोस्टिंग तीन-तीन वर्षांचं, बारावीपर्यंत पाच देश आणि सात शाळा. पुढे माझं काय झालं ते सरळ सांगते. मी थांबलेच नाही. शिक्षणासाठी दोन देश, नोकरीसाठी आत्तापर्यंत चार. आणि गंमत नाही सांगत, खरंच, एखाद्या जागी अडीच वर्षं झाली की माझ्या अंगात काहीतरी सुरू होतं. आधी कपाटं आवरायला घेते. मग पुस्तकं देऊन टाकते. मग ऑफिसातल्या माणसांचा उगाच राग यायला लागतो, छोट्या छोट्या गोष्टींवरून, आणि मग एक दिवस रात्री दीडला दुसऱ्या देशातल्या नोकऱ्या बघत बसलेली असते. बरीच वर्षं मला वाटायचं की ऑफिसच वाईट आहे. तिसऱ्या वेळेला लक्षात आलं की हे बाबांच्या बदलीचं कॅलेंडर आहे, ते रिटायर होऊन बारा वर्षं झाली आणि माझ्या अंगात अजून चालूच आहे.

राग आणून निघायचं हेही लहानपणीचंच. मैत्रिणीला सोडून जायचं दुःख झेपत नाही म्हणून आधी तिच्याशी भांडण काढायचं, मग जाणं सोपं पडतं. मी दहा वर्षांची असताना हे केलं आणि ३४ वर्षांची असताना एका फार चांगल्या माणसाशीही हेच केलं.

आयुष्य वाईट आहे असं नाही हं. कुठेही सोडा, आठवड्यात माणसं जोडते, काम आवडतं, एकटीने राहायची भीती नाही. पण तुम्ही खरं विचारलंत म्हणून सांगितलं.

काठावर

माझं बरोबर उलट. वडील प्रोजेक्टवरचे इंजिनिअर, आम्ही चार देश फिरलो, मी १६ चा असताना ते थांबलं. आता मी ४५, गेली १९ वर्षं एकाच शहरात, त्यातली १४ एकाच घरात. कंपनीने दोनदा बाहेरची पोस्ट देऊ केली, प्रमोशनसकट, दोन्ही वेळा एका मिनिटात नाही म्हणालो. लोकांना वाटतं एवढा फिरलेला माणूस, याला काय अवघड. अहो म्हणूनच तर नाही.

पण नुसतं एका घरात राहतो म्हणजे रुजलो असं नसतं, हे मला उशिरा कळलं. लहानपणी सगळी घरं भाड्याची, भिंतीला खिळा मारायचा नाही हा आईचा नियम, कारण सोडताना भोकं बुजवून द्यावी लागायची आणि डिपॉझिटमधून पैसे कापायचे. आमच्या तसबिरी कायम जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलेल्या. मी स्वतःचं घर घेतलं, माझ्या नावावरचं, आणि चार वर्षं एक खिळा मारला नाही. लक्षातच आलं नव्हतं. बायको एकदा म्हणाली की हे सगळे फोटो असे खाली का ठेवलेत, आपण जाणार आहोत का कुठे? त्या दिवशी ड्रिल आणलं. पहिलं भोक पाडताना हात थरथरत होता, भिंतीतून लाल भुगा पायावर पडला आणि मी तिथेच खाली बसून राहिलो थोडा वेळ. आत्ता त्या भिंतीवर ११ फोटो आहेत.

तेव्हा निळीशाई ताई, टिकतात, माझ्यासारखी घट्ट धरून बसणारीही असतात. फक्त हे पाऊलवाट यांच्यापेक्षा फार वेगळं आहे असं मला वाटत नाही. त्या निघायला उतावीळ, मी निघायला घाबरणारा, मूळ एकच.

दोनघरं

काठावर, शेवटचं वाक्य एकदम पटलं, कारण आमच्या घरातच दोन्ही नमुने आहेत. मी आणि माझा भाऊ, तेच आईबाप, त्याच बदल्या, तीच विमानं. भाऊ २३ व्या वर्षी एका छोट्या गावात गेला, तिथेच लग्न केलं, तिथेच आहे. मी अजून सूटकेसवर. आम्ही दोघं यावर खूप बोललोय आणि आमच्या मते फरक वयाचा आहे. शेवटचं मोठं स्थलांतर झालं तेव्हा तो ६ वर्षांचा आणि मी १४ ची. त्याला नवीन शाळेत पहिलीपासून बारावीपर्यंत तेच मित्र मिळाले. मला जे मित्र मिळाले त्यांचे ग्रुप आधीच बनलेले होते. मी तिथे चार वर्षं राहिले पण पाहुणी म्हणूनच राहिले.

म्हणून निळीशाई, तेरा हे वय मला काळजीचं वाटतं, लपवत नाही.

तळटीप

या विषयावर बरंच वाचन आहे (मी स्वतः अशीच वाढले म्हणून), थोडं लिहिते, लांबेल.

अशा मुलांना इंग्रजीत जे 'थर्ड कल्चर किड' म्हणतात तो शब्द रूथ हिल उसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंचा. १९५० च्या दशकात त्या आणि त्यांचे पती जॉन उसीम भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होते, वकिलातीतले, मिशनरी, कंपन्यांचे लोक, आणि त्यांची स्वतःची तीन मुलंही सोबत होती. त्यांना दिसलं की ही मुलं आईबापांच्या संस्कृतीतही पूर्ण नाहीत आणि राहत्या देशाच्याही नाहीत, मधलंच एक तिसरं जग आहे आणि ती त्या जगाची आहेत. म्हणून तिसरी संस्कृती. पुढे नव्वदीच्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर अशा वाढलेल्या जवळजवळ ७०० मोठ्या माणसांचा सर्व्हे केला. त्यातलं मला लक्षात राहिलेलं म्हणजे बहुतेकांना आपण आपल्या वयाच्या लोकांबरोबर एका तालात नाही असं वाटत होतं, आणि अनेकांचं शिक्षण, नोकरी, जोडीदार याबाबतचं धरसोडीचं वय लांबलेलं होतं. म्हणजे ज्या गोष्टी इतर लोक बाविशीत ठरवतात त्या यांनी तिशीत ठरवल्या. पंचविशीतल्या मुलाला बघून "हा काही टिकायचा नाही" म्हणणं त्यामुळे घाईचं होतं.

वयाबद्दल दोनघरं म्हणतायत त्याला आधार आहे. डेन्मार्कमध्ये सगळ्या नागरिकांच्या सरकारी नोंदी असतात, त्यावरून १९८२ ते २००३ मध्ये जन्मलेल्या सुमारे ११ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. १० ते १५ या वयात एकदा घर बदललेल्यांना मोठेपणी डिप्रेशनचं निदान होण्याची शक्यता ४१ टक्क्यांनी जास्त, एकापेक्षा जास्त वेळा बदललेल्यांना ६१ टक्क्यांनी. हे देशातल्या देशातलं घर बदलणं आहे, देश बदलण्याचं नाही, आणि हे शक्यतेचं गणित आहे, निळीशाई, तुमच्या मुलीचं भविष्य नाही. पण वय मोजायला हवं एवढं नक्की.

स्वभावाचंही आहे. शिगेहिरो ओइशी आणि उलरिश शिमॅक यांनी २०१० मध्ये ७१०८ अमेरिकन लोकांवरचा अभ्यास छापला. लहानपणी जितक्या जास्त वेळा घर बदललं तितकं मोठेपणी समाधान कमी, पण हे फक्त अंतर्मुख लोकांच्यात. मोकळ्या, बोलक्या लोकांच्यात तसा संबंध सापडला नाही. मला हे वाचल्यावर फार मोकळं वाटलं होतं, कारण मी अंतर्मुख आहे आणि आयुष्यभर मला वाटत आलं की माझ्या बहिणीला जमलं ते मला का नाही जमलं.

आणि पुढे काय होतं याची सगळ्या प्रकारची माणसं डोळ्यासमोर आहेत. बराक ओबामा ६ ते १० जकार्तात, मग परत होनोलुलू, मग लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, आणि १९८५ मध्ये शिकागो. पुढे लॉ शिकायला बाहेर पडले आणि परत शिकागोतच आले, लग्न, मुली, राजकारण सगळं तिथेच उभं केलं. अमेरिकन बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट ६ ते १३ इटलीत वाढला, वडील तिथे व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचे, आणि पुढे १९९६ ते २०१६ सलग २० सीझन एकाच टीमकडून खेळला. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झांझिबारला जन्मलेला, पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत शिकलेला, १९६४ मध्ये कुटुंबाबरोबर इंग्लंडला गेला आणि घर शेवटपर्यंत लंडन. पिको अय्यर हे लेखक ऑक्सफर्डला जन्मले, सातव्या वर्षी कॅलिफोर्निया, मग इंग्लंडची बोर्डिंग शाळा, आणि राहायला निवडलं जपान, जिथे त्यांचं लहानपण गेलंच नव्हतं. नव्वदीच्या सुरुवातीपासून तिथे आहेत आणि प्रवासही चालूच. त्यांना टिकलेले म्हणायचं की फिरते? मला तरी सांगता येणार नाही.

उत्तरायण

तळटीप, माहिती चांगली आहे पण मला एक गोष्ट बोलायलाच हवी. आपण सगळे स्वभाव स्वभाव करतोय, वय वय करतोय, आणि कागदपत्रांबद्दल कोणीच बोलत नाहीये.

मी दुबईत जन्मलो, वयाची १८ वर्षं तिथेच. तिथे जन्मून नागरिकत्व मिळत नाही, राहण्याचा परवाना वडिलांच्या नोकरीला बांधलेला. २०२२ पासून मुलांना २५ वर्षांपर्यंत आईबापांच्या परवान्यावर राहता येतं, आमच्या वेळी तसं नव्हतं. वडिलांची नोकरी गेली आणि दोन महिन्यांत आम्ही बाहेर. ज्या रस्त्यावर मी सायकल शिकलो तिथे आता मी टुरिस्ट व्हिसावर जातो. मग लोक विचारतात तू कुठेच का टिकत नाहीस. अरे मला जिथे टिकायचं होतं तिथे टिकूच दिलं नाही.

अमेरिकेत एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) वाल्यांची मुलं बघा. चार वर्षांचं असताना गेलेलं मूल, सगळी शाळा तिथे, आणि २१ पूर्ण झाली आणि तोवर ग्रीन कार्ड आलेलं नसलं की आईबापांवर अवलंबून असलेला व्हिसा संपला. स्टुडंट व्हिसा घ्या, नाहीतर देश सोडा. माझा चुलतभाऊ २१ व्या वाढदिवसानंतर कॅनडाला गेला, स्वतःला हवं म्हणून नाही. त्याला उद्या कोणी सर्व्हेत विचारलं तर तो "फिरता" म्हणून मोजला जाईल. हे बरोबर आहे का?

ओबामांकडे अमेरिकेचा पासपोर्ट होता. कोबीकडेही. ज्याला परतायला हक्काची जागा आहे त्याचं फिरणं वेगळं आणि ज्याला नाही त्याचं वेगळं, दोघांना एका टोपलीत घालू नका.

तळटीप

उत्तरायण, शंभर टक्के मान्य. हे मी लिहायलाच हवं होतं. उसीम बाईंनी पाहिलेली मुलंही पासपोर्ट हातात असलेलीच होती, सगळी कधी ना कधी परत जाणारी.

शांतचित्त

मी एका इंटरनॅशनल शाळेत २२ वर्षं शिकवतेय, त्यामुळे दुसऱ्या बाजूने बघते. दर जूनला माझ्या वर्गातली पाच-सहा मुलं जातात. सगळे जाणाऱ्यांचा विचार करतात, त्यांना कार्ड, पार्टी, फोटो. जी राहतात त्यांच्याकडे कोणी बघत नाही. एक मुलगा आमच्याकडे पहिली ते बारावी होता, कुठेच गेला नाही, आणि या काळात त्याचे सात जवळचे मित्र गेले. आठवीनंतर त्याने जवळचा मित्र केलाच नाही. मला म्हणाला मिस, नवीन मुलाला मी आधी विचारतो तुझ्या बाबांचं कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं आहे. म्हणजे देश न बदलताही हे सगळं होऊ शकतं.

या शाळा निघाल्याच फिरत्या लोकांसाठी. जिनिव्हाची १९२४ ची, लीग ऑफ नेशन्समध्ये काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी. पुढे १९६८ मध्ये आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, अनेक देशांत चालणारा शालेय अभ्यासक्रम) तिथेच सुरू झालं, कारण मुलांना कुठल्याही देशातल्या कॉलेजात चालेल असा एक दाखला हवा होता. अभ्यासक्रमाची सोय उत्तम झाली. निरोपाची सोय कोणी केली नाही, ती आपल्याला घरी करावी लागते.

डेव्हिड पोलॉक म्हणून या क्षेत्रात खूप काम केलेले गृहस्थ होते, ते जाण्याआधी चार गोष्टी करायला सांगायचे आणि मी त्या माझ्या वर्गात करून घेते. ज्यांच्याशी बिनसलंय त्यांच्याशी मिटवायचं. ज्यांनी आपल्यासाठी काही केलं त्यांना तसं सांगायचं, तोंडाने. निरोप घ्यायचा, आणि माणसांचाच नाही, जागांचाही, वस्तूंचाही. आणि मग पुढच्या जागेचा विचार करायचा. तिसरी गोष्ट लोक टाळतात आणि सगळ्यात महत्त्वाची तीच आहे असं माझं मत. पाऊलवाट, तुम्ही जे भांडून निघणं लिहिलंत ते पहिल्या गोष्टीच्या बरोब्बर उलट आहे, आणि मुलं ते का करतात हे मी इतक्यांदा पाहिलंय की मला तुमचा अजिबात राग आला नाही, वाईटच वाटलं.

निळीशाई, ते मांजर टाकू देऊ नका. किंवा टाकायचंच असेल तर ज्या मैत्रिणीने दिलं तिच्याशी बोलून मग.

पाऊलवाट

शांतचित्त, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आमच्या घरी निरोप नावाचा प्रकारच नव्हता. शेवटच्या दिवशी शाळेतून घेऊन थेट एअरपोर्ट, म्हणजे मुलं रडत बसत नाहीत असं आई म्हणायची. तिचं चुकलं असं नाही म्हणणार, तिला स्वतःलाच झेपत नसावं. पण एकाही शाळेच्या वर्गाकडे मी शेवटचं म्हणून बघितलेलं नाही.

निळीशाई

सगळ्यांचे खूप आभार, रडत रडत वाचलं. दोन प्रश्न. एक, तिला विचारायचं म्हणजे नक्की काय विचारायचं, कारण नोकरी तर घ्यावीच लागणार, "तुला यायचंय का" असं विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? दोन, जी टिकली त्यांना कशाने टिकवलं?

काठावर

पहिल्याचं उत्तर माझ्यापुरतं. जाणं न जाणं तुमच्या हातात नसेल तर तो प्रश्न विचारू नका, खोटा पर्याय मुलांना लगेच कळतो आणि फार लागतो. पण कधी निघायचं, वर्षाच्या मध्ये की शेवटी, नवी शाळा कुठली, काय न्यायचं, परत भेटायला कधी यायचं, हे तिला ठरवू द्या आणि ती म्हणेल ते खरंच करा. मला आयुष्यात काही ठरवायला मिळालं ते पहिल्यांदा १६ व्या वर्षी, वडिलांनी विचारलं तुला इथे थांबून शाळा पूर्ण करायची आहे का, आणि ते खरंच थांबले, त्यांचं पुढचं प्रोजेक्ट सोडून. माझं सगळं टिकणं त्या एका संध्याकाळपासून सुरू होतं.

दोनघरं

दुसऱ्याचं. भावाला विचारलं, त्याने लिहून पाठवलं ते तसंच टाकते: "दर सुट्टीत आपण आजीच्या घरी त्याच खोलीत झोपायचो ना, त्याच पलंगावर. देश बदलले, तो पलंग बदलला नाही. मला घर म्हणजे काय ते तिथे कळलं." मी तर तो पलंग विसरलेच होते. आजी गेली तेव्हा मी १२ ची होते, तो ४ चा. म्हणजे वयाचा हिशोब लावला तर खरं मला तो जास्त मिळाला, आणि तरी टिकला तो. आता माझी वयाची थिअरी मलाच अपुरी वाटायला लागलीये.

उत्तरायण

आमच्या घरात न बदललेली गोष्ट म्हणजे घरात बोलायची भाषा. बाकी सगळं काढून घेतलं कोणीतरी, ते नाही.

निळीशाई

अपडेट द्यायला आले, तीन आठवडे झाले.

नवऱ्याने ऑफिसात बोलून डिसेंबरऐवजी जूनला जॉइन व्हायचं मान्य करून घेतलं, पगारात थोडं नुकसान आहे, चालेल. मुलीला सांगितलं की जायचं आहे हे ठरलंय, ते बदलता येणार नाही, पण वर्ष पूर्ण करून जायचं की आधी, हे तू ठरव. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली वर्ष पूर्ण करू. आणि मग रडली, चांगली तासभर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मांजर कचऱ्याच्या पिशवीतून तिने स्वतःच काढलं. मैत्रिणीला शनिवारी घरी बोलावलंय, दोघी मिळून तसंच दुसरं बनवणार आहेत, एक इथे राहणार आणि एक आमच्याबरोबर येणार. कोणतं न्यायचं आणि कोणतं ठेवायचं यावर सध्या दोघींची फोनवर भांडणं चालू आहेत.